एका स्टारच्या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला चाळीस मिनिटं ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल माफी मागते. ज्यांना लघवीची घाई आवरत नाही त्यांच्याच क्लिनिकमध्ये टॉयलेटसाठी जिना उतरावा लागतो, हेही तुम्ही बरोबर लिहिलंय. जागामालकांशी बोलणं चालू आहे.

पण "सहा सेशनचे ४,२०० रुपये पाण्यात गेले, शेवटी डॉक्टरांच्या गोळीनेच आठवड्यात गुण आला" हे मात्र जिव्हारी लागलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोळी लिहून देणं माझ्या हातात नाही. यूरॉलॉजिस्टना दाखवा, हे पहिल्याच दिवशी तुमच्या कागदावर लिहून दिलं होतं. गोळीशी माझं वैर नाही. तोंड कोरडं पडतं, काहींना बद्धकोष्ठता होते, पण अनेकांना गोळी लागतेच. फक्त तिचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते आठ आठवडे जातात. तुम्हाला आठवड्यात फरक पडला, तो सगळा गोळीचाच कसा? घाई आली की धावत सुटायचं नाही, जागीच थांबायचं, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळायचे, कळ ओसरली की मग सावकाश जायचं. हे गोळीच्या पाकिटात येत नाही हो! लघवीला जाण्याच्या दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं असतं आणि त्याला निदान सहा आठवडे द्यावे लागतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात थांबलात.

हे मी पदरचं सांगत नाही. १९९८ साली अमेरिकेत पंचावन्नच्या पुढच्या १९७ बायकांवरचा अभ्यास छापून आला. या प्रशिक्षणाने लघवीची गळती सरासरी ८१ टक्के कमी झाली, घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन गोळीने ६९ टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या नावाच्या गोळीने ३९ टक्के. ज्यांना एकाच उपायाने पुरेसं बरं वाटलं नाही, त्यांच्यापैकी काहींना नंतर दुसराही जोडून दिला, तेव्हा आणखी फरक पडला. तुमचे डॉक्टर आणि मी एकमेकांच्या विरोधात नाही, एवढंच म्हणायचंय.

"शाळकरी पोरीसारखी वही भरायला लावली" असंही लिहिलंय. किती प्यायलं, कधी गेलो, किती झाली, हे तीन दिवस लिहिल्याशिवाय अंतर किती वाढवायचं ते ठरवणार कशावरून? आणि वेटिंगमध्ये बसून एकाच दमात भरलेली वही ओळखू येते, ताई. तेव्हा मी काही बोलले नाही.

इचलकरंजीहून पेशंट एसटीने येतात, वाटेत कुठे थांबता येईल याची धास्ती घेऊन. ते असे रिव्ह्यू वाचून यायचेच थांबले तर माझं भाडं कसं निघायचं, ते सोडा, त्यांचं काय?

अपॉइंटमेंटच्या वेळा सुधारतोय, खुर्च्याही वाढवू. पुढची एक तपासणी माझ्याकडून, पैसे न घेता. रिसेप्शनला फोन करून या. गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि चहा दोन कपांच्या वर नको.