काळी वाळू, चुंबक आणि ‘वाकणारे’ क्ष-किरण

रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू चुंबकाला चिकटते, म्हणजे ती सगळी इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं खनिज). ती अतिथंड करून मोठ्या चुंबकात क्ष-किरणांनी तपासणं ही धूळफेक आहे. चुंबक किरणांना वाकवतो आणि थंडीत अणू थिजतात, त्यामुळे दिसते ती रचना खोटी.’

वाळूचं आधी उरकून टाकू. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून काळबादेवीच्या सुक्या वाळूवर फिरवा. झटकन उडून मिशांसारखे उभे राहतात ते कण मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे, किंवा मॅग्नेटाइट मिसळलेले. शुद्ध इल्मेनाइट हातातल्या साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. ते वेगळं करायला जोरदार चुंबक लागतो.

आता ‘वाकणारे किरण’. क्ष-किरण म्हणजे प्रकाशच, त्यांच्यावर विद्युतभार नाही, चुंबक त्यांना वाकवणार कसा? वाकतात ते इलेक्ट्रॉन. क्ष-किरणांच्या नळीत इलेक्ट्रॉन तांब्यावर आपटतात तेव्हा किरण निघतात, आणि जवळच्या चुंबकाने इलेक्ट्रॉनांचा नेम चुकतो. म्हणून नळी लांब ठेवतात किंवा तिला लोखंडी आडोसा करतात. दुसरा उपद्रव नमुन्याचा: मोकळी भुकटी असेल तर कण चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळून बसतात. त्यावर उपाय म्हणजे भुकटी एपॉक्सीत, म्हणजे कडक होणाऱ्या गोंदात, घट्ट बसवायची. शिवाय तिच्यात थोडं सिलिकॉन मिसळता येतं. नमुन्यावरून परतलेल्या किरणांच्या आलेखात उंचवटे येतात, त्यांना शिखरं म्हणतात; त्यांच्या जागांवरून अणूंची मांडणी कळते. सिलिकॉनची शिखरं कुठे यायला हवीत ते आधीच ठाऊक असतं आणि चुंबकाचा त्यांच्यावर परिणाम जवळजवळ शून्य. किरणच वाकत असते तर ही शिखरंही सरकली असती. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं जरी कुणाला विचारलं असतं!

राहिली थंडी. निरपेक्ष शून्याला, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाला, पोचलात तरी अणूंची थरथर पुरती थांबत नाही. ती कमी होते, आणि त्यामुळे शिखरं उलट अधिक ठसठशीत येतात. आणि रचना बदलते ती खरोखर बदलते. आपल्या वाळूतलंच मॅग्नेटाइट घ्या. उणे 150 अंश सेल्सियसच्या आसपास त्याची घनाकृती मांडणी मोडते, एकेका शिखराची दोन-तीन होतात. डच शास्त्रज्ञ फेरवेने हा बदल 1939 मध्ये विजेच्या मोजमापातून मांडला, तेव्हा चुंबकात क्ष-किरण सोडायचा प्रश्नच नव्हता.

चुंबकाचा भाग मात्र मला सगळ्यात आवडतो. गॅडोलिनियम आणि जर्मेनियमचं 5:4 प्रमाणातलं संयुग द्रव हीलियमच्या तापमानाला, म्हणजे 4 केल्विनच्या (उणे 269 अंश सेल्सियसच्या) आसपास न्या आणि काही टेस्लांचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र लावा. अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, शिखरं नव्या जागी येतात. हा चुंबकाने केलेला दृष्टिभ्रम असता तर क्षेत्र काढल्यावर जुनं चित्र परत यायला हवं होतं. ते येत नाही. क्षेत्र शून्य केलं तरी नवी रचना तशीच टिकते, आणि जुनी परत हवी असेल तर नमुना तापवावा लागतो.