डिस्लेक्सियाचं प्रशिक्षण एका दिवसात उरकू नका

सातारा-सांगलीकडे शिक्षकांना डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही मुलाला वाचन-लेखन अडतं त्या अडचणीची, माहिती द्यायची म्हटलं की एक दिवस ठरतो, हॉल ठरतो, प्रोजेक्टरवर व्याख्या आणि लक्षणांची यादी येते. शिक्षक मनापासून ऐकतात, टिपणंही घेतात. पण सोमवारी वर्गात गेल्यावर तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलासाठी नेमकं काय करायचं, हे कुणाच्याच वहीत नसतं. व्याख्यान कमी करा आणि शिक्षकाच्या हाताला काम द्या, एवढंच माझं मागणं आहे. त्या कामाची सुरुवात ऐकण्यापासून व्हावी.

तिसरीतल्या मुलासाठी दुसरीच्या पातळीचा, त्यानं आधी न वाचलेला साधारण १०० शब्दांचा उतारा घ्या. एक प्रत त्याच्यासमोर, एक तुमच्या हातात. घड्याळ लावून १ मिनिट वाचू द्या. मध्ये दुरुस्त करू नका. चुकलेल्या शब्दाखाली नुसती रेघ ओढून भागत नाही, मुलानं जे उच्चारलं ते त्या शब्दावर लिहा. 'दिवस'वर 'दवस', 'भरला'वर 'मरला', 'विहीर'वर 'विचार'. पहिल्यात वेलांटी सुटली. दुसऱ्यात सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची गल्लत झाली. तिसऱ्यात पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजानं ठोकून दिला. तिघांनाही 'वाचन कच्चं' असा एकच शेरा मिळतो, पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एका मुलाला सगळी मिळून ५ मिनिटं लागतात. प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकानं अशा निदान ५ ध्वनिफिती ऐकून खुणा कराव्यात आणि शेजारच्याशी ताडून बघाव्यात. पहिल्या खेपेला दोघांच्या खुणा जुळत नाहीत. त्या का जुळल्या नाहीत याची चर्चा हाच प्रशिक्षणाचा गाभा.

मिनिट मोजायचं कारण आहे. मराठीत जसं लिहिलंय जवळजवळ तसंच वाचतात. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल चौथी-पाचवीपर्यंत बरोबर वाचायला शिकतंही, पण शब्द जोडत जोडत, प्रत्येक ओळीला दम लागल्यासारखं. चुका कमी दिसल्या की शिक्षक निर्धास्त होतात आणि मूल तिथंच राहतं. शांत मुली तर हमखास सुटतात, कारण त्या दंगा करत नाहीत आणि फळ्यावरचं सुबक उतरवतात.

बाराखडीचंही असंच. क, का, कि, की सुरात म्हणणारं मूल 'कु'वर बोट ठेवलं की पुन्हा 'क'पासून म्हणत येतं. म्हणजे त्याला चाल पाठ आहे, अक्षर ओळखता येत नाही. बाराखडी मधूनच विचारा, उलटी विचारा. तोंडी खेळ घ्या: 'सांगली'तला 'सां' काढला तर काय उरलं? गली. 'कमळ'मधला 'क' काढला? मळ. हे जमलं की 'का'मधला 'आ' काढून 'ई' लावायला सांगा. आवाज सुटे करता येणं हाच वाचनाचा पाया आहे आणि डिस्लेक्सियात बहुतेकदा तोच डळमळीत असतो.

कशाला डिस्लेक्सिया म्हणायचं नाही, तेही आपल्या भागात नीट शिकवायला हवं. घरी 'पानी', 'कोन' असंच बोलत असतील तर मूल तसंच लिहिणार. ती त्याची बोली आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांचेच चुकतात, ती खूण धरू नये. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी शब्दच नवे असतात. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलाची शाळा महिनोन्‌महिने बुडालेली असते. या मुलांनाही मदत हवीच, पण नीट शिकवल्यावर ती भराभर पुढं जातात. ८-१० आठवडे रोज व्यवस्थित शिकवूनही जे अडतं, त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यायचं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं तयार ठेवा.

आणि कृपा करून शिक्षकांनी स्वतः 'याला डिस्लेक्सिया आहे' असं पालकांना सांगू नये. ते ठरवणं तज्ज्ञांचं काम. शिक्षकानं निरीक्षण लिहावं: तारीख, उतारा, मिनिटाला किती शब्द, कोणत्या चुका. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण ८ वर्षं पूर्ण झाल्यावर होते, म्हणून तोवर थांबून राहणं मात्र चूक. पहिलीतल्या मुलाला शिकवायला कुठलाच कागद लागत नाही.

शिकवायचं कसं? रोज २० मिनिटं, ३-४ मुलांचा गट, ठरलेला क्रम. म, क, ल, स आणि काना एवढ्यावर मामा, काका, लाल, काल, कमाल, कलम असे शब्द होतात. ते पक्के झाल्यावरच पुढचा गट. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध एकाच आठवड्यात आणू नका. वाळूच्या ताटात अक्षर गिरवताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायला लावा. नुसतं गिरवण्यानं हात वळतो, वाचन येत नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती पहिल्या वेलांटीला आणि रफाराला. 'दि'मध्ये वेलांटी दिसते आधी, बोलायची नंतर. 'सूर्य'मध्ये रफार दिसतो 'य'च्या डोक्यावर, पण 'र' बोलायचा 'य'च्या आधी. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. म्हणून मूल 'दविस' लिहितं, 'सुयर' लिहितं. हे एकदा समजलं की शिक्षकाचा राग जातो, असा माझा विश्वास आहे. उपाय साधा: मुलानं आधी 'द' लिहायचा, मग लाल खडूनं वेलांटी त्याच्या डावीकडे जोडायची, मग पूर्ण अक्षर म्हणायचं. 'र'ची रूपं एका दिवसात शिकवू नका. चक्र, ट्रक, चर्चा, वाऱ्यावर यांना एकेक आठवडा द्या. दहा वेळा लिहून आणायची शिक्षा तर अजिबात नको. चुकीचा शब्द दहा वेळा लिहिला की तो पक्का होतो.

वर्गात अचानक उभं करून प्रकट वाचन घेऊ नका. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगा. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्यापेक्षा छापील प्रत द्या. इतिहासाचं उत्तर तोंडी घ्या आणि शुद्धलेखनाचे गुण तिथं कापू नका.

प्रशिक्षणाला क्लार्कलाही बोलवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो), आणि अशी मुलं लवकर ओळखून त्यांच्यासाठी अध्यापनाचे योग्य उपाय करणं ही मान्यताप्राप्त शाळेची जबाबदारी आहे. दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र आणि अर्ज वेळेत गेला तरच. आवेदनपत्र भरताना रकाना कोरा राहिला की मुलाचा हक्क ऑफिसातच अडकतो. नववीतच नावांची यादी हवी.

एकूण ६ सत्रं पुरेत, प्रत्येकी दीड तासाची, दोन आठवड्यांच्या अंतरानं. जूनअखेर सुरू केलं तर दिवाळीच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी संपतात. दोन सत्रांच्या मध्ये शिक्षकानं एकाच मुलाबरोबर काम करायचं आणि त्याच्या खुणा केलेल्या प्रती पुढच्या सत्राला आणायच्या. द्विशिक्षकी वस्तीशाळेला हे जमण्यासाठी जमतील तेवढी सत्रं शिक्षण परिषदेलाच, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीलाच, जोडावीत, वेगळे दिवस कमीत कमी काढायला लावावेत.

आणखी एक गोष्ट कायम राहून जाते. वाडीवरची शाळा चौथीला संपते, मूल पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कूलला जातं, आणि चार वर्षांत बाईंना जे कळलं ते मागेच राहतं. दाखल्याबरोबर एक पान टाचून द्या: मिनिटाला किती शब्द वाचतो, कोणती अक्षरं पक्की, कुठं अडतो, कशानं जमलं. शेवटच्या दोन उताऱ्यांच्या खुणा केलेल्या प्रती जोडा, आणि पालकांना विचारून त्यावर बाईंचा फोन नंबर लिहा.