‘दोन वायरी जोडायला दोन डबे विकले’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आम्ही टाकलेल्या ऑफिस ते गोडाऊन फायबर लाइनवरचं नेट बंद पडून ऑफिसचं काम खोळंबलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण "फायबर आणि लॅन केबल सरळ जोडता आली असती, गरज नसताना दोन डबे गळ्यात मारले" हे वाचून गप्प बसवत नाही. आमचा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो, सर.

तांब्याच्या केबलमधून विजेचा सिग्नल जातो, फायबरमधून उजेड. टोकाला टोक लावून टेप गुंडाळली म्हणून एकाचं दुसरं होत नाही. ते काम मीडिया कन्व्हर्टर करतो, तोच तुमचा 'डबा'. तुमच्या नेटवर्क स्विचना एसएफपी पोर्ट (फायबरचं मॉड्यूल थेट बसवायची खाच) असते तर मीच मॉड्यूल बसवून मोकळा झालो असतो. ते नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना एकेक. सगळीकडे कॅट-सिक्सच (तांब्याची लॅन केबल) ओढा, असंही तुम्ही सुचवलं होतं. ती १०० मीटरपर्यंतच, आणि तुमचं गोडाऊन त्याच्या बरंच पुढे आहे.

आता "नुसतं मशीन घेऊन बसले होते" याबद्दल. सिंगल मोड (लांब अंतराच्या) फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. कोटिंग सोलून, अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरने काटकोनात कापून मगच ते स्प्लायसिंग मशीनमध्ये, म्हणजे दोन टोकं वितळवून जोडणाऱ्या मशीनमध्ये, जातं. एका जॉइंटला स्क्रीनवर ०.३ डीबी लॉस (जोडात वाया जाणारा उजेड) दिसला, तो जरा जास्त, म्हणून पोरांनी तो तोडून पुन्हा केला. तसाच सोडला असता तरी नेट चाललं असतं आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

राहिलं "दुसऱ्या दिवशी परत बंद". लिहायचं नव्हतं, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंत. आमचा माणूस आला तेव्हा ऑफिसच्या कन्व्हर्टरवर टीपीचा (तांब्याच्या बाजूचा) दिवा लागलेला, एफएक्सचा (फायबरच्या बाजूचा) विझलेला, म्हणजे गोडाऊनकडून उजेडच येत नव्हता. फायबर शाबूत. गोडाऊनमधल्या कन्व्हर्टरचा अडॅप्टर काढून त्या सॉकेटला मोबाइल चार्जिंगला लावला होता. त्या फेरीचे पैसेही आम्ही घेतले नाहीत.

यापुढे काम सुरू करण्याआधी नीट समजावून सांगायची पद्धत ठेवू, अडॅप्टरवर लेबलही लावू. शंका असेल तर मी स्वतः पॉवर मीटर (फायबरमधला उजेड मोजणारं यंत्र) घेऊन येतो, रीडिंग तुमच्या डोळ्यांदेखत घेऊ. फक्त गोडाऊनमध्ये मोबाइलसाठी वेगळं सॉकेट तेवढं काढून घ्या.