ड्राइव्हवर टाकलं म्हणजे जपलं, असं नाही

‘कामाची सगळी माहिती एका सामायिक ड्राइव्हवर टाका, मग माणूस नोकरी सोडून गेला तरी कंपनीचं अडत नाही’ हा सल्ला सध्या बराच फिरतोय. सोबत तीन पोटदावे: नोटीस काळात जाणाऱ्याकडून लिहून घ्या, जास्तीत जास्त साठवा, आणि आयएसओला (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेला) हेच हवं असतं.

आयएसओचं आधी उरकू. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं कलम ७.१.६ सांगतं की कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, टिकवा, उपलब्ध करा. ते सगळं लिहूनच ठेवा, अशी अट त्या कलमात नाही.

खरी फसगत नोटीस काळातल्या लिखाणात होते. जाणारा काय करतो ते लिहितो. कशावरून ओळखतो ते राहून जातं, कारण त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. गोव्यातल्या वेर्ण्याचा एखादा औषध कारखाना घ्या. ड्रायरमधून ओलाव्याच्या मर्यादेत निघालेले ग्रॅन्यूल्स (ज्यांच्या गोळ्या दाबतात ते औषधी कण) जुलैच्या दमट हवेत पडून राहिले आणि डीह्युमिडिफायर कमी पडला, की ओल धरतात. मग पावडर पंचाला (गोळी दाबून तिच्यावर अक्षर उठवणाऱ्या दांड्याला) चिकटते. मुरलेला ऑपरेटर गोळीवरचं अक्षर बघतो: ए, बी, ओ यांच्या बंद पोटातली पावडर आधी उचलली जाते. एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) मात्र ‘गोळ्या तपासा’ एवढंच. आणि ही खूण हँडओव्हरच्या कागदात आली तरी भागत नाही. चेंज कंट्रोलमधून (बदल तपासून मंजूर करण्याच्या प्रक्रियेतून) एसओपीत गेली तरच ती पुढच्या शिफ्टच्या कामाचा भाग होते.

म्हणून लिहायचं काम शिकणाऱ्याला द्या. आधी तो बघेल, मग दोघं मिळून करतील, मग तो करेल आणि जुना गप्प बसून बघेल. (हे गप्प बसणंच भल्याभल्यांना जमत नाही.) नोंद नव्याची, दुरुस्ती जुन्याची. प्रश्न दोनच: ‘कशावरून कळलं?’ आणि ‘हे कधी चालत नाही?’ कांदोळी-कळंगुटच्या ज्या हॉटेलांत सीझन संपला की माणसं गावी जातात, तिथे ही जोडी एप्रिलमध्येच लावावी लागते. ऑक्टोबरात शिकवायला कोण असणार?

राहिला जास्त साठवण्याचा मुद्दा. पंप सुरू करण्याच्या पद्धतीच्या ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’ अशा तीन फायली सापडल्या, तर रात्रपाळीचा माणूस पहिली उघडतो. एआयला विचारलं तर ते तिन्हींची मिसळ करून ठाम उत्तर देऊ शकतं. प्रत्येक पानावर जबाबदार पद (व्यक्तीचं नाव नव्हे, ती बदलते), पुढच्या तपासणीची तारीख आणि कोणती आवृत्ती रद्द झाली ते लिहा. रद्द पानं शोधात येणार नाहीत अशा वेगळ्या फोल्डरात हलवा. ज्या पानाची जबाबदारी कोणीच घेत नाही, तेही तिकडेच.