‘आमचे काहीच चुकले नाही, तरीही आम्ही हरलो’: नोकियाच्या नावावर खपणाऱ्या कथेचा प्रतिवाद

मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतली त्या दिवशी पत्रकारांसमोर नोकियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणाले, ‘आमचे काहीच चुकले नाही, तरीही आम्ही हरलो’, आणि एवढे बोलून ते व त्यांचे सहकारी रडू लागले. अशा प्रसंगाने सुरू होणारा एक संदेश गेली अनेक वर्षे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून फिरतो आहे. पुढे त्यात असे सांगितलेले असते की जगातला पहिला टचस्क्रीन फोन अ‍ॅपलने २००७ साली आणला आणि नोकिया मात्र बटणांनाच चिकटून राहिली. ग्राहकांना हव्या असलेल्या सोयी आयफोनमध्ये होत्या, नोकियात नव्हत्या. त्यामुळे नोकिया पाहता पाहता नामशेष झाली. तेव्हा वेळीच बदला, नाहीतर संपाल. प्रशिक्षण शिबिरांत आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांतही हा मजकूर वाचून दाखवला जातो आणि ऐकणारे माना डोलावतात. त्यातले जवळपास प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि दोन फोनांची तुलना करताना नेमके काय पाहावे याबद्दल ते आपल्याला उलटेच शिकवते, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम ते अश्रू. विक्रीची घोषणा ३ सप्टेंबर २०१३ रोजी झाली. विकला गेला तो नोकियाचा फोन बनवण्याचा विभाग. संपूर्ण कंपनी नव्हे. तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीफन इलॉप हे मुळात मायक्रोसॉफ्टमधूनच २०१० मध्ये नोकियात आले होते आणि या व्यवहाराबरोबर ते मायक्रोसॉफ्टमध्ये परत निघाले होते. त्यांनी किंवा अन्य कोणी ते वाक्य उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. उलट, याच इलॉप यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र जगभर प्रसिद्ध झाले होते. जळत्या तेलविहिरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाची उपमा देऊन त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते की या आगीत आपण स्वतःच तेल ओतले, आणि पहिला आयफोन २००७ मध्ये बाजारात आला तरी त्याच्या अनुभवाच्या जवळ जाणारा एकही फोन आपल्याकडे अजून नाही. ज्याने आपल्या कंपनीच्या चुकांची अशी लेखी कबुली दिली, त्याच्याच तोंडी ‘आमचे काहीच चुकले नाही’ हे वाक्य घालणे अन्यायाचे आहे.

पहिला टचस्क्रीन फोन अ‍ॅपलचा, हे विधान तर सहज खोडता येते. आयबीएमचा ‘सायमन’ हा पडद्याला स्पर्श करून चालवायचा फोन अमेरिकेत १९९४ मध्ये विकला गेला. सोनी एरिक्सनचा पी ८०० हा २००२ चा. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारा, कपॅसिटिव्ह पडद्याचा एलजी प्राडा हा फोनदेखील आयफोनच्या घोषणेच्या आधी, डिसेंबर २००६ मध्ये जाहीर झाला होता. आणि बटणांना चिकटून राहिल्याचा आरोप जिच्यावर केला जातो, त्या नोकियाने आपला ७७१० हा रुंद टचस्क्रीनचा फोन २००४ मध्येच, म्हणजे स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी व्यासपीठावरून आयफोन दाखवला त्याच्या दोन वर्षांहूनही अधिक काळ आधी, जाहीर केला होता. नोकियाला टचस्क्रीन सुचलाच नाही असे म्हणायला काहीही आधार नाही.

आता मुख्य मुद्दा: ग्राहकांना हव्या असलेल्या सोयी आयफोनमध्ये होत्या आणि नोकियात नव्हत्या, हा. येथे थोडे थांबून दोन प्रत्यक्ष फोन शेजारी ठेवले पाहिजेत. आयफोन ३जी भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत आला आणि त्याच्या ८ जीबीच्या फोनाची किंमत ३१,००० रुपये होती. नोकियाचा ५८०० एक्सप्रेसम्युझिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला आणि बऱ्याच कमी किमतीत मिळू लागला. नोकियाचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, फ्लॅशसह आणि व्हिडिओ घेणारा. आयफोनचा २ मेगापिक्सेलचा, फ्लॅश नाही आणि व्हिडिओही नाही. नोकियात व्हिडिओ कॉलसाठी समोर दुसरा कॅमेरा, एफएम रेडिओ, मेमरी कार्ड आणि काढता येणारी बॅटरी. आयफोनमध्ये यातले काहीही नाही. नोकियाचा पडदा ६४० बाय ३६० बिंदूंचा, आयफोनचा ४८० बाय ३२०. मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करणे ही आज कोणी सोय म्हणूनही मोजत नाही अशी गोष्ट आयफोनमध्ये जून २००९ पर्यंत नव्हती, आणि एमएमएसदेखील नव्हते. नावातच ३जी असलेल्या त्या फोनाच्या भारतीय खरेदीदाराला ३जी वापरायलाच मिळत नव्हते, कारण खासगी कंपन्यांसाठी ३जी लहरींचा लिलाव २०१० मध्ये झाला. त्या काळी मासिकांत आणि दुकानांच्या पत्रकांत छापले जाणारे तुलनेचे तक्ते आठवून पाहावेत. बरोबर आणि फुलीच्या खुणा मोजल्या तर ५८०० जिंकत होता, आणि तेही मोठ्या फरकाने. बाजारातही तो पडला नाही. जानेवारी २००९ मध्येच नोकियाने दहा लाख फोन पाठवल्याचे जाहीर केले.

मग आयफोन हातात घेतलेला माणूस पुन्हा ५८०० कडे का वळत नव्हता, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही, कारण तक्त्यातल्या ‘टचस्क्रीन’ या रकान्यात दोन्ही फोनांपुढे सारखीच बरोबरची खूण होती. प्रत्यक्षात ते दोन पडदे वेगळ्या जातीचे होते. ५८०० चा पडदा रेझिस्टिव्ह होता, म्हणजे एकमेकांवर बसवलेल्या दोन थरांपैकी वरचा थर दाबून खालच्या थराला टेकवावा लागे. त्यामुळे नख किंवा सोबत दिलेली काडी चालत असे, पण बोट हलकेच फिरवून काम भागत नसे आणि दोन बोटांनी चित्र मोठे करणेही शक्य नव्हते. आयफोनचा पडदा बोटातून होणारा विद्युतभाराचा बदल टिपणारा होता. त्यावर दाब द्यावा लागत नव्हता. याहून मोठा फरक आतल्या सॉफ्टवेअरचा होता. नोकियाची सिंबियन ही प्रणाली बटणांच्या फोनांसाठी घडलेली होती आणि तिच्यावर स्पर्श नंतर चढवला गेला. त्यामुळे यादीतल्या ओळीवर पहिल्या स्पर्शाने ती नुसती निवडली जायची आणि दुसऱ्या स्पर्शाने उघडायची, तर मुख्य मेनूतले चिन्ह मात्र एकाच स्पर्शाने उघडायचे. यादी वर सरकवायची तर बोटाने झटका देऊन भागत नसे, कडेची पट्टी धरून ओढावी लागे. झटक्याने सरकणारी यादी ५८०० मध्ये नंतरच्या सॉफ्टवेअरमधून आली. दिवसातून शंभर वेळा करायची ही कृती सुखाची आहे की त्रासाची, यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता, आणि माझ्या मते त्या पिढीच्या फोनांचा निकाल इथेच लागला.

हे केवळ नोकियाबाबत खरे होते असे नाही. ब्लॅकबेरीने नोव्हेंबर २००८ मध्ये ‘स्टॉर्म’ हा कीबोर्ड नसलेला टचस्क्रीन फोन आणला. त्याचा पडदा कपॅसिटिव्ह होता, पण प्रत्येक अक्षरासाठी संपूर्ण पडदा बटणासारखा खाली दाबावा लागे, आणि त्यात वायफायही नव्हते. टचस्क्रीन असल्यानेच फोन जिंकत असता, तर स्टॉर्म जिंकायला हवा होता. उलट अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला जी १, ऑक्टोबर २००८ मध्ये आला तेव्हा त्याला सरकवून बाहेर काढायचा बटणांचा कीबोर्ड होता. पडद्यावरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये २००९ च्या १.५ आवृत्तीपासून मिळाला. ज्या प्रणालीने पुढे नोकियाचा पहिला क्रमांक हिरावला, तिची सुरुवात बटणांच्या आधाराने झाली, हे ‘बटणांना चिकटले म्हणून संपले’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

अ‍ॅप्सचेही तसेच. सिंबियनसाठी हजारो अ‍ॅप्स आयफोनच्या आधीपासून होती. पहिल्या आयफोनवर तर बाहेरचे एकही अ‍ॅप बसवण्याची अधिकृत सोय नव्हती. पण जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलने सुमारे ५०० अ‍ॅप्सचे दुकान फोनातच उघडले आणि सामान्य माणसाला न अडखळता अ‍ॅप शोधता व घेता येऊ लागले. नोकियाचे ओव्ही स्टोअर मे २००९ मध्ये आले. येथेही सोय ‘होती’ आणि ‘नव्हती’ एवढ्यावर भागत नाही. ती हाताशी कशी येते हे पाहावे लागते.

या संदेशात भारतीय ग्राहक कुठेच नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते, कारण तो सर्वाधिक वाचला जातो तो आपल्याकडे. भारतात नोकियाची पकड सैल होऊ लागली ती महागड्या आयफोनमुळे नव्हे. २००९-१० च्या सुमारास एका कंपनीचा कॉलदर स्वस्त, दुसरीचा गावाकडे चांगला सिग्नल, अशा कारणांनी असंख्य लोक दोन सिमकार्डे बाळगत होते आणि त्यांना एकाच फोनात दोन्ही बसवायची होती. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांसारख्या कंपन्यांनी तैवानच्या मीडियाटेकच्या चिपवर बेतलेले दोन सिमचे स्वस्त फोन आणले. नोकियाने आपले दोन सिमचे फोन जाहीर केले तेव्हा जून २०१० उजाडला होता, आणि त्यांतल्या सी १-०० मध्ये दोन सिमे बसत असली तरी एका वेळी एकच चालू राहत असे. म्हणजे ग्राहकाची गरज ओळखण्यात नोकियाची चूक झाली हे खरे, पण ती चूक टचस्क्रीनविषयी नव्हती. ज्या कंपनीने २००३ मध्ये ११०० या फोनात विजेरी आणि धुळीपासून जपणारी बटणे देऊन आपल्या गावांची गरज अचूक ओळखली होती, तिला ही गरज एवढ्या उशिरा दिसावी, ही गोष्ट त्या काल्पनिक अश्रूंपेक्षा कितीतरी अधिक विचार करण्यासारखी आहे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक सोय महत्त्वाची होती. नोकियाच्या साध्या फोनांच्या बटणांवर देवनागरी अक्षरे छापलेली असत आणि मेनू मराठीतही ठेवता येई. त्याच काळात आलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता, त्यामुळे मराठी संकेतस्थळ उघडले की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरलेल्या दिसत. अनेकांनी ऑपेरा मिनी ब्राउझरच्या आतल्या पर्यायांत जाऊन अक्षरे चित्ररूपाने मागवण्याची युक्ती शोधली आणि त्या युक्तीवर कित्येक महिने मराठी वाचले. नवा आणि आकर्षक पडदा घेताना आपली भाषा काही काळ गमावावी लागली, ही हानी कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात नोंदली गेली नाही आणि या संदेशातही नाही.

नोकिया पाहता पाहता नामशेष झाली, हे शेवटचे विधान. गार्टनर या संस्थेच्या मोजणीनुसार जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांत सिंबियनचा वाटा २००८ मध्ये ५२.४ टक्के आणि २०१० मध्ये ३७.६ टक्के होता. त्यात अन्य कंपन्यांचेही काही फोन होते, पण मोठा भाग नोकियाचाच. आयफोन येऊन तीन वर्षे झाल्यावरही वर्षाच्या एकूण विक्रीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या कंपनीला रातोरात संपलेली म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये तिने सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारण्याचे जाहीर केले, म्हणजे ‘बदला’ हा उपदेश तिने पाळला, आणि विक्री खरी कोसळली ती त्यानंतर, कारण जुनी प्रणाली बंद होणार हे सांगून झाले होते आणि नवे फोन त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आले नाहीत. मीगो ही वेगळी प्रणाली असलेला, बोट कडेकडून सरकवून चालवायचा एन ९ हा फोन तिने जून २०११ मध्ये दाखवला, तोवर त्या प्रणालीचे भवितव्य ठरून गेले होते. फोनांचा विभाग विकल्यानंतरची नोकिया कंपनी मोबाइल नेटवर्कची यंत्रणा बनवते आणि तिने २०१६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंटही ताब्यात घेतली. नोकिया हे नाव वापरण्याचा परवाना घेऊन एचएमडी ग्लोबल या कंपनीने २०१७ पासून फोनही विकले.

या घटनेत कोणाचे नुकसान झाले हे सांगायचेच असेल, तर पत्रकार परिषदेच्या व्यासपीठाकडे पाहून ते कळणार नाही. इलॉप यांना कंपनी सोडताना मिळणार असलेली रक्कम सुरुवातीला १ कोटी ८८ लाख युरो अशी जाहीर झाली होती. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला, हजारो तरुण कामगारांचा नोकियाचा कारखाना मात्र कराच्या वादामुळे मायक्रोसॉफ्टकडे हस्तांतरित होऊ शकला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथील उत्पादन थांबले.