आठवडाभर पारा शून्याखाली राहिला म्हणून तळं चालण्याजोगं होत नाही

गोठलेल्या तळ्यावर चालण्याचे नियम सांगणारा एक संदेश हिवाळा आला की फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मिळाला. सांगणं थोडक्यात असं: पारा आठवडाभर शून्याखाली राहिला की बर्फ पक्का होतो. वर हिम साचलं असेल तर आणखी पक्का. आधी कुणी गेल्याच्या खुणा दिसल्या तर निर्धास्त जा, बर्फ कडकडला तर पळा. पाण्यात पडलेला माणूस दोन मिनिटांत गारठून मरतो, म्हणून एकमेकांचे हात धरून चाला.

यातलं एकही वाक्य भरवशाचं नाही. शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

आधी तो आठवडा. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सियसला. त्यामुळे वरचं पाणी थंड झालं की खाली बसतं, खालचं वर येतं, आणि ढवळलं गेलेलं सगळं पाणी 4 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय वरचा थर गोठायला लागत नाही. उथळ डबकं एका रात्रीत गोठतं, तर शेजारचं खोल तळं कित्येक आठवडे उघडंच राहतं. एकदा साय धरली की बर्फ खालच्या बाजूने वाढतो, आणि पाण्यातली उष्णता त्या बर्फातूनच बाहेर पडावी लागते. म्हणजे बर्फ जितका जाड, तितकी त्याची पुढची वाढ मंद. तेवढ्याच थंडीत 10 सेंटिमीटर थराला दहा दिवस लागले असतील, तर 20 सेंटिमीटरला वीस नाही, साधारण चाळीस दिवस लागतील. शिवाय शून्याखाली किती? उणे 2 आणि उणे 20 हे दोन्ही ‘शून्याखाली’च.

ताकदीचा हिशेब आणखी कठोर आहे. बर्फाची भार पेलण्याची क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: 5 सेंटिमीटर बर्फ 10 सेंटिमीटर बर्फाच्या निम्मा नाही, चौथाई भार पेलतो. एकट्या माणसाने पायी जायला किमान 10 सेंटिमीटर हवेत असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. पण तो आकडा नव्या, पारदर्शक, सलग बर्फाचा आहे. जाडी मोजावी लागते, गिरमिटाने भोक पाडून किंवा पुढे पहार ठोकत. एकदाच काठाशी मोजून भागत नाही, पुढे जाल तसतशी पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

हिमाबद्दलचा समज तर अगदी उलटा आहे. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, ते गोधडीसारखं पसरतं आणि खालच्या बर्फाची वाढ रोखतं. त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिम भिजून त्याचा चिखल होतो. तोच पुढे गोठून पांढरा, दुधाळ बर्फ बनतो. तो पारदर्शक बर्फाच्या जेमतेम निम्म्या ताकदीचा धरतात, म्हणून तिथे जाडी दुप्पट हवी. शिवाय भेगा आणि भोकं हिमाखाली झाकली जातात.

पाऊलखुणांवरचा विश्वास मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो साहजिक वाटतो. पण त्या खुणा कालच्या आहेत आणि दुसऱ्या कुणाच्या वजनाच्या आहेत. एकाच तळ्यावर चार पावलांत जाडी बदलते: ओढा जिथे मिळतो किंवा बाहेर पडतो तिथे, तळाशी झरा असेल तिथे, लव्हाळ्यांभोवती, उन्हाने तापणाऱ्या खडकांजवळ, धक्क्याच्या खांबांपाशी. रशियातल्या बैकल सरोवरावर काही वर्षी काही किलोमीटर व्यासाची प्रचंड कडी उमटतात. बर्फाखाली फिरणारे तुलनेने उबदार पाण्याचे भोवरे त्या कड्यांच्या जागी बर्फ पातळ करतात. ही कडी उपग्रहातून दिसतात, बर्फावर उभ्या माणसाला दिसत नाहीत. हिवाळा सरताना आणखी एक धोका येतो. ऊन बर्फात शिरून स्फटिकांमधले सांधे वितळवतं, आणि एकसंध थराच्या जागी उभ्या कांड्यांची मोळी उरते. अशा वेळी 30 सेंटिमीटर जाडीचा बर्फही पायाखाली सुटा होऊ शकतो. जाडी मोजली तरी तेव्हा ती फसवते.

बर्फाचा कडकडाट मात्र दर वेळी धोक्याची खूण नसतो. थंडी वाढली की बर्फ आकसतो, ऊन लागलं की पसरतो, आणि त्या ताणाने तडकतो, घुमतो. लांबवरून आलेला आवाज तर शीळ घातल्यासारखा येतो, कारण बर्फातून उंच स्वर आधी पोचतात. जाड, पक्का बर्फही खूप बोलतो. उन्हाने असा सुटा झालेला बर्फ आवाज न करताही खचतो. पायाखालून भेगा पसरताना दिसल्या किंवा पाणी वर आलं तर पळायचं नाही: आडवं व्हायचं, वजन पसरायचं आणि आल्या वाटेने सरपटत मागे जायचं.

आता ती दोन मिनिटं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी 1-10-1 असं सूत्र लोकांपर्यंत नेलं. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचं, कारण गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते आणि त्याच वेळी नाकातोंडात पाणी जातं. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय चालतात. शुद्ध हरपायला मात्र साधारण 1 तास लागतो. सुरुवातीला मरण येतं ते बुडून, गारठून नव्हे. ‘दोन मिनिटांत संपलं’ असं मनात बसलेला माणूस घाबरून तेच पहिलं मिनिट गमावतो. कपडे काढू नका, त्यांत अडकलेली हवा तरंगायला मदत करते. ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने आत्ताच तुमचं वजन पेललं होतं. हात बर्फावर टाका, पाय मारत अंग आडवं करा आणि पुढे रेटा. गळ्यात दोरीने बांधलेल्या, टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी असतील तर पकड मिळते. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा. निघता आलंच नाही, तर बाह्या बर्फावर पसरून स्थिर राहा. त्या गोठून चिकटल्या तर शुद्ध गेल्यावरही डोकं पाण्याबाहेर राहतं.

आणि हात धरून चालणं? त्याने सगळ्यांचं वजन एका जागी येतं आणि एक पडला की शेजारचा ओढला जातो. एकमेकांत दहा मीटर तरी अंतर ठेवा. कुणी पडलं तर भोकाच्या कडेपर्यंत धावू नका, झोपून दोर, फांदी किंवा शिडी सरकवा. दोर एकाकडे नको, प्रत्येकाकडे हवा, आणि पिशवीच्या तळाशी नको, कमरेला हवा, कारण तो शोधण्यात जाणारी मिनिटं त्या दहांतलीच असतात.