एकही शर्यत न जिंकलेला जोहान क्लारे

फ्रान्सचा स्कीपटू जोहान क्लारे याच्याविषयी काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत हे येतंच: वर्ल्ड कपची, म्हणजे दर मोसमात ठिकठिकाणी होणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, एकही शर्यत त्याने जिंकली नाही. माहिती खरी आहे. पण ती ज्या हळहळीच्या सुरात सांगतात, तो सूर मला अजिबात पटत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी त्याचा खेळ. अल्पाइन स्कीइंगमधला सगळ्यात वेगवान प्रकार म्हणजे डाउनहिल. डोंगरावरून एकदाच सुटायचं आणि साधारण दोन मिनिटांत खाली पोचायचं. दुसरी फेरी नसते. एखादं वळण जरा बाहेरून गेलं की गेलेली वेळ पुन्हा हाती लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या उतारावर २०१३ साली क्लारेचा वेग ताशी १६१.९ किमी मोजला गेला. वर्ल्ड कप डाउनहिलमध्ये ताशी १६० ओलांडणारा तो पहिलाच. पायाखाली दोन पट्ट्या, डोक्यावर हेल्मेट, बाकी संरक्षण जवळजवळ नाहीच.

तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. फ्रान्समध्ये स्कीइंग म्हटलं की आधी आठवतो तो ज्याँ-क्लोद किली. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकून तो त्याच वर्षी, २४ व्या वर्षी थांबला. क्लारे वर्ल्ड कपच्या पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, पहिल्यांदा चढला तेव्हाच २८ चा होता. किलीच्या मापाने मोजलं तर क्लारे कायम उशिराच आलेला दिसणार. पण हे माप त्याला लावायचंच कशाला?

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडातल्या सरावात त्याचा संघसहकारी दाविद प्वासाँ पडला आणि जिवानिशी गेला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवलेला माणूस, वय फक्त ३५. त्यानंतरही क्लारे सुटायच्या फाटकाशी उभा राहात गेला. या खेळात उतार किती निर्दयी असतो हे पक्कं ठाऊक असताना चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने पुन्हा पूर्ण वेगाने खाली झेपावायचं, हे मला कुठल्याही चषकाहून मोठं वाटतं.

आणि खरी कमाल तर पुढेच आहे. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या ओरे इथल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सुपर-जीमध्ये (डाउनहिलपेक्षा जरा कमी वेगाचा, जास्त वळणांचा प्रकार) रौप्य, वय ३८. मग ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल. तिथला श्ट्राइफ हा डाउनहिलवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात भीतीचा उतार. सुटल्यावर काही सेकंदांतच माउझेफाले येतो, जिथे पायाखालची जमीनच नाहीशी होते आणि खेळाडू हवेत जातो. या उतारावर क्लारे २०२१, २०२२ आणि २०२३ असा सलग तीन वर्षं डाउनहिलमध्ये दुसरा आला. वय अनुक्रमे ४०, ४१, ४२! धाडस विशीतही असतं. पण बर्फ कुठे कडक आहे, कुठे स्की सैल सोडायची, कुठे दाबायची, हे त्याच उतारांवरून वर्षानुवर्षं उतरून कळतं. क्लारेला ते कळलं होतं, आणि शरीरानेही साथ दिली.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या डाउनहिलमध्ये स्वित्झर्लंडच्या बेआट फॉइट्झने त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे टाकलं. ताशी १०० किमी वेग धरला तरी हे अंतर तीन मीटरसुद्धा भरत नाही. त्या रौप्याने क्लारे ऑलिम्पिकमधला सगळ्यात वयस्कर अल्पाइन पदकविजेता ठरला. आधीचा मान अमेरिकेच्या बोडे मिलरचा होता, ३६ व्या वर्षीचा. पाच वर्षांचा फरक! तीन मीटरची हळहळ करणाऱ्यांनी हा फरकही सांगावा, एवढंच माझं म्हणणं.

२०२३ च्या मोसमाअखेरीस तो निवृत्त झाला. कुणाला वेळ असेल तर त्याच वर्षीची किट्झब्यूलची शर्यत शोधून बघा. नॉर्वेचा किल्डे पहिला आला, तोही जबरदस्तच. पण क्लारे उतरताना शेवटच्या टप्प्यातल्या हाउसबेर्गकांटेवर लक्ष ठेवा. तिथे उडी घेऊन लगेच तिरक्या, खडबडीत उतारावर तोल सांभाळावा लागतो, तेही मांड्या पेटलेल्या असताना. ४२ वर्षांच्या माणसाचे पाय तिथे कसे चालतात ते बघा आणि मला कमेंटमध्ये सांगा.